उजव्या हाताचा आवाज

आमच्या लेकाला, रोहितला, ऑर्केस्ट्रासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायचा होता. त्या खरेदीत माझं आणि ह्यांचं काहीच काम नव्हतं. पण उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत, आणि मला त्या भिंतीचाच राग येऊ लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, माणसांत न्या. म्हणून मीच हट्ट धरला आणि एकलहऱ्याहून आम्ही तिघं नाशिकला निघालो.

हे म्हणजे पुंजा गोंधळी. वणीच्या आसपास कुठल्याही घरी गोंधळ असला की संबळाला ह्यांनाच बोलावणं यायचं. आता उजव्या हाताच्या बोटांत हालचाल परतली होती, पण जोर नव्हता. एकदा काडी हातात घेऊन बसले, तर ती कातड्यावर नुसती टेकली. त्याच दिवशी संबळ कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. मी विषय काढला की म्हणत, "वाजवून झालं माझं." मला गाण्याबजावण्याची फार हौस आहे अशातला भाग नाही. पण न वाजवणारा हा माणूस मला ओळखूच येईना. ह्यांनी पुन्हा काडी धरावी, एवढंच मी देवीकडे मागत होते.

मेनरोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात रोहितने सगळा पसारा मांडायला लावला. रबरी पॅडवर काडी छान उसळते, पण टकटक फार होते. जाळीचे पॅड मऊ, खऱ्या कातड्यासारखे, पण महाग. रोहितचा जीव त्यांच्यावर जडला होता. तिसरा प्रकार ट्रिगरचा. रुपयाएवढी चकती खऱ्या वाद्याच्या कातड्यावर चिकटवायची, तिला जोडलेली वायर यंत्रात घालायची. कातडं थरथरलं की चकतीला कळतं आणि यंत्र आवाज काढतं. दुकानदाराने एका जुन्या ढोलकीवर अशी चकती लावून दाखवली. रोहितने पॅड असे बडवले की धुणं धुतोय असं वाटावं. साहजिकच ह्यात त्याचा तासभर गेला.

"काका, तुम्ही पण बघा ना," दुकानदार म्हणाला.

हे पुढे झाले. आता आमच्याकडे वाद्याला हात लावायचा तर आधी नमस्कार करायचा. दुसऱ्याचं असो, दुकानातलं असो, ह्यांचा नेम चुकायचा नाही. डाव्या हाताने उजवा हात उचलून ह्यांनी बोटं ढोलकीला टेकवली, ती कपाळाला लावण्यासाठी.

धडाम! फडताळावरची बासरी खाली पडली. मी दचकले, हे तर दोन पावलं मागे सरकले.

"म्या काय केलं नाय, नुसता पाया पडलो," हे म्हणाले.

रोहित हसत सुटला. "आबा, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर आहे. नुसतं बोट लागलं तरी वाजणार. हा नॉब फिरवला की कमी होते."

ह्यांनी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तसाच दणका. मग हे आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, हरवलेलं पोर जत्रेत सापडावं तसे. रोहितचं हसू थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "जाळीचे राहू द्या. रबरीच द्या. आणि हे दोन ट्रिगर." पोरावर मी एरवी कितीही ओरडत असले, तरी त्या क्षणी त्याचा मला फार अभिमान वाटला.

घरी आल्यावर संबळ माळ्यावरून उतरला, दोन्ही कातड्यांवर चकत्या लागल्या आणि स्पीकर असा दणाणला की शेजारच्या वत्सलाबाई पीठ मळायचं सोडून धावत आल्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मला झालं. पण दोन-चार दिवसच. मग ह्यांनी काड्या बाजूला ठेवल्या आणि पुन्हा खाट धरली.

माझं डोकं फिरलं. "आता काय झालं? चांगला वाजतोय की!"

"वाजतंय ते यंत्र. म्या कुठं वाजवतोय? बोट लावलं तरी तेवढंच, जीव लावला तरी तेवढंच. देवीला आधी हळू बोलवावं लागतं गं. हे पहिल्यापासनंच बोंबलतंय." मग रोहितला म्हणाले, "तुझा तो नॉब खाली कर."

"आबा, मग उजवा हात ऐकूच येणार नाही."

"येईल तेवढा येऊ दे."

"नको करू रे," मी म्हटलं. मला भीती वाटत होती. किती थोडं उरलंय हे ह्यांना आपल्या कानांनी कळलं, तर हे त्या भिंतीकडून परत फिरायचे नाहीत. पण बापाने सांगितलं आणि लेकाने नॉब खाली केला.

हे वाजवू लागले. डावा हात स्वच्छ बोलत होता. उजव्याचा आवाज म्हणजे कणगीत उंदीर खुडबुडावा तेवढा. मी वाद्याकडे नाही, ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. मध्येच हे थांबले. संपलं, मला वाटलं. पण ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट चांगलं वर उचललं आणि काडी सोडली. आवाज आला, मघापेक्षा जरासा मोठा. अगदी जरासाच, पण मोठा. यंत्राने तो तसाच्या तसा दिला.

"हां," हे म्हणाले. "हा माझा." आणि मनगट पुन्हा उचललं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी उठले आणि पंखा बंद केला.

"अगं, लय उकडतंय. पंखा लाव."

"नाही लावणार," मी म्हटलं. "त्याच्या घरघरीत तुमचं ऐकू येत नाही."