तिसरा फोटो

नवरीच्या डाव्या कानातल्या कुडीचा एकेक मोती वेगळा दिसत होता. मोत्यांमधली सोन्याची तार, तारेला दिलेला पीळ, सगळं स्पष्ट. तिथून चारेक बोटं पुढे, डोळ्यांपाशी आलं की मात्र चित्र विरघळल्यासारखं व्हायचं. पापण्यांचे केस एकमेकांत मिसळून गेले होते. सिद्धीने तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. फोकस कानावर होता. त्याआधीच्या फोटोत तो मागे उभ्या करवलीच्या पदरावर होता.

तिने दोन्ही फोटो बाजूला टाकले आणि त्याच प्रसंगाचा एखादा बरा फोटो सापडतो का ते शोधू लागली. गेल्या पावसाळ्याआधीपासून ती हेच करत होती.

पेडण्याच्या बाजारातला हा स्टुडिओ तिच्या सासऱ्यांचा, गोकुळदासांचा. पुढे खुर्ची, पडदा आणि दोन दिवे. मागे कपाटाएवढी खोली, तिच्यात सिद्धी. म्हापशाच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली ही मुलगी सून होऊन आली, तेव्हा सासऱ्यांनीच तिला कॅमेरा धरायला शिकवलं. ती त्यांना मामा म्हणायची. पासपोर्टचे फोटो ती काढायची. लग्नाला जायचे ते मात्र गोकुळदासच. तालुक्यात अशी घरं होती की तिथल्या आईचं लग्नही त्यांनी टिपलं होतं आणि लेकीचंही. त्यांनी आणलेले फोटो निवडायचे, उजळायचे, आल्बम लावायचा, हे सिद्धीकडे. त्यामुळे त्यांचे चुकलेले फोटो तिच्याशिवाय कोणाच्याच नजरेला पडत नव्हते.

त्यांना सांगायचं, आणि मोठा कॅमेरा आता माझ्याकडे द्या म्हणायचं, हे तिने मनात कधीचंच ठरवलं होतं. चतुर्थी झाली की बोलू, असं म्हणता म्हणता तुळशीचं लग्न होऊन गेलं आणि लग्नसराई पुन्हा तोंडावर आली. एकदा तिने गुपचूप कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चालू करून ठेवला होता. गोकुळदासांनी पहिल्याच क्लिकला ओळखलं आणि काही न बोलता बटण परत खाली केलं. ते हाताने फोकस करायला शिकलेले. कुणाच्या चेहऱ्यावर थांबायचं ते मशीनला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं.

येत्या रविवारी गोकुळदास सर्वणला एका लग्नाचे फोटो काढायला जाणार होते.

"सिद्धी, बाहेर ये गो! ह्यां बघ." नवऱ्याचा, परेशचा आवाज आला. तो पणजीला नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत डोकवायचा. त्याच्या हातात मुठीएवढी काळी, गोल वस्तू होती. "गौरेशान शिपीवरून हाडल्यान. म्हणता, वयनीक दी."

दीर गौरेश बोटीवर नोकरीला. सुट्टीवर येताना काहीतरी आणायचाच. सिद्धीने ती वस्तू फिरवून पाहिली. कॅमेऱ्याची नुसती लेन्स काढून घ्यावी तसं दिसत होतं. डोळा लावायला जागा नाही, मागे स्क्रीन नाही. परेशने ती तिच्या मोबाइलच्या पाठीला चिमट्याने अडकवली, तसा समोरचा रस्ता मोबाइलवर दिसू लागला.

गोकुळदास काउंटरमागून बघत होते. "ह्यां काय? बाटलेचां झाकण?"

"बाबा, ह्या झाकणात पुरो कॅमेरो आसा."

"मग माझ्यात काय आसा? भाजी?"

"तुमचो वजनान दोन पायल्या भाताएवढो. हो बघा, खिशात रवता."

"खिशात तंबाकूय रवता," गोकुळदास म्हणाले. पण ते उठले. कपाटातून त्यांनी मोठा कॅमेरा काढला, लेन्सवरून मऊ फडकं फिरवलं. "चल तर. बघूया कोण बरो."

मॉडेल म्हणून समोरच्या सुमंगलाकाकीला हाक गेली. ती स्टुडिओच्या दारासमोर फुलं विकायला बसायची. जुईची फाती केसांत सारखी करत ती आत आली.

"खंय बसूं? ह्या कदेलार?" खुर्चीवर टेकत ती म्हणाली. "बरो काढ हां, गोकुळदास. मेल्यार भिंतीर लावतले."

"तुझो भिंतीरचो फोटो मी कवाच काढून ठेवलंय. तूच मरूचां नाव घेणस नाय."

काकी खो खो हसली आणि त्याच घडीला गोकुळदासांच्या कॅमेऱ्याचं शटर खटकन उघडून मिटलं. हा आवाज सिद्धीच्या ओळखीचा होता. क्षण पकडावा तर मामांनीच, असं तिला नेहमी वाटायचं.

मग तिने छोटा कॅमेरा घेतला. तोच दिवा, तीच खुर्ची, तेवढंच अंतर. काकी परत काहीतरी बोलून हसली, ते हसू मोबाइलवर दिसताच सिद्धीने बोट टेकवलं, पण तोवर काकीचं तोंड मिटत आलं होतं. लेन्समधून मोबाइलपर्यंत यायला चित्राला जरासा वेळ लागत होता. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

दोन्ही फोटो तिने कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. चौघं त्या लहानशा खोलीत दाटीवाटीने उभी राहिली.

छोट्याच्या फोटोत काकी ओठ अर्धवट मिटून बसली होती, जांभई आवरल्यासारखी. पण नाकाच्या शेंड्यापासून मागच्या पडद्याच्या चुण्यांपर्यंत सगळं रेखीव. मोठ्याच्या फोटोत ती पुरी हसत होती. गालावरचा उजेड असा पडला होता की बघत राहावं. फक्त तिचा चेहरा मऊ, पुसट होता आणि केसांतल्या जुईची एकेक पाकळी स्पष्ट.

"हसतंय बरी," काकी म्हणाली. "पण धुक्यात बसल्यासारकी दिसतंय मरे!"

कोणी हसलं नाही. काकीने एकेकाकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"लेन्स बिघडली दिसता," परेश घाईने म्हणाला. "पावसात बुरशी धरता. म्हापशाक दाखवूया. तवसर आयतवारी बाबा हो लहान घेवन जातले. काय गो, सिद्धी?" त्याने तिच्याकडे पाहिलं. हो म्हण, असं त्या पाहण्यात होतं.

आणि ते जमलंही असतं, हे सिद्धीला दिसत होतं. लहान सेन्सरचा कॅमेरा चूक पोटात घालतो. पुढचं मागचं बरंचसं आपोआप स्पष्ट येतं. मामा तो घेऊन गेले तर पुसट फोटो येणार नाहीत. कोणाला काही सांगावं लागणार नाही. पण अंतरपाट खाली येतो तेव्हा नवरानवरी एकमेकांकडे बघतात ते एकदाच. मोबाइलवर ते दिसेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतील. त्या घराला तो फोटो परत कधीच मिळणार नाही.

शिवाय ही तुलनाच चुकीची होती. कॅमेरा बदलला होता आणि कॅमेरा धरणारा माणूसही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिच्या अंगी मुरलं होतं. आणखी एक फोटो हवा होता. मोठ्या कॅमेऱ्याचाच, पण तिच्या हातचा. तो काय सांगेल हे तिला माहीत होतं, म्हणूनच ती तो मागत नव्हती.

"लेन्साक कायएक झालां नाय," गोकुळदास म्हणाले. ते स्टुलावर बसले होते. "सिद्धी, तू शिकलेली मगे? अशे दोन फोटो बगून काय कळता?"

"कळणा नाय, मामा."

"मग?"

तिची नजर मोठ्या कॅमेऱ्याकडे गेली. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला.

"घे. बटनां फिरवू नको. सगळां तसांच रवांदे. सुमंगला, बस परत कदेलार."

हातात घेताना वजनाने तिचं मनगट खाली गेलं. तिने डोळा लावला, लेन्सचं कडं फिरवलं. काकीच्या पापण्या धुक्यातून वर आल्या, पुसट झाल्या, परत वर आल्या. तिथे तिने बोट थांबवलं. पण काकी आता घाबरून ताठ बसली होती.

"माका आता हसू येणा नाय गो," ती पुटपुटली.

बाजूने गोकुळदासांचा आवाज आला. "सुमंगला, काल तुझी शेवंती म्हणे बोकडान खाल्यान?"

"खाल्यान मरे! आणि वर माझ्याच तोंडाक बघीत ऱ्हवलो, आणखी दी म्हणान–"

सिद्धीने बटण दाबलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिसरा फोटो आला. भुवयांतला एक पांढरा केस, डोळ्याच्या कोपऱ्यातलं हसण्याने आलेलं पाणी, त्या पाण्यात दारातून दिसणारा उजेडाचा चौकोन. परेशने खाली बघितलं. गोकुळदास वाकून अगदी पडद्याला नाक लावून पाहत होते. मग त्यांनी मान जराशी वळवली आणि तिरक्या नजरेने पाहिलं.

"माका सांग. डोळे सारके इलेत?"

"इलेत, मामा."

"पापणेचे केस?"

"मोजूक येतले."

त्यांनी मान हलवली. "मी बगतंय थंय मदीं डाग येता. बाजूचां सगळां दिसता. तोंडाकडे बगलां की तोंडच नाय."

"कवापासून?" परेशचा आवाज चढला. "बाबा, सांगूक नाय तां?"

"सांगलां आसतां तर तू डॉक्टराकडे व्हरतलो हुतंस. आणि डॉक्टर म्हणतलो, कॅमेरो ठेव." ते सिद्धीकडे वळले. "हिका ठावक आसा. माझे वायट फोटो ही लपयता तां माका काय कळणा नाय?"

सिद्धीचे कान तापले. "चुकलां, मामा. पयलींच बोलूक होयां हुतां."

"मीय बोलूक नाय. दोगांय सारकी."

"मधला डाग लगेच दाखवूक होयो," सिद्धी म्हणाली. " वेळेर गेल्यार वाढाचां थांबवूक येता."

"जाऊया," गोकुळदास म्हणाले. इतक्या सहज, की परेश त्यांच्याकडे बघतच राहिला.

काकी हळूच उठली. "माझीं फुलां उघड्यार आसत," असं म्हणत दाराकडे वळली आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "तो तिसरो माका होयो हां. मरूचां नंतर बघूया."

तेवढ्यात सिद्धीचा मोबाइल वाजला. छोटा कॅमेरा अजून त्याच्या पाठीला चिकटलेलाच होता. तिने तसाच कानाला लावला. सर्वणहून नवरीचे वडील, शांताराम, बोलत होते. मुहूर्त जरा अलीकडे आला होता. फोटोग्राफरांनी सकाळी लवकर यावं, हळदीपासून सगळं हवं. गोकुळदास आहेत का तिथे?

तिने मोबाइल त्यांच्यापुढे केला. त्यांनी घेतला नाही. मोठा कॅमेरा मांडीवर घेऊन ते पट्ट्याच्या बकलाशी खटपट करत होते. डोळे दाराकडे होते आणि बोटं पट्टा ओढून आखूड करत होती. मग त्यांनी तो तिच्या खांद्याला लावून पाहिला आणि आणखी थोडा ओढला.

"हॅलो? आसत मगे थंय?" पलीकडून आवाज आला.

सिद्धीने मोबाइल परत कानाला लावला.

"आसत, शांतारामभाऊ. मी सिद्धी बोलतंय, त्येंची सून," ती म्हणाली. "मामा माझ्याबरोबर येतले. पण फोटो मी काढतलंय."