दोनशे छप्पनची जागा

महिनाभर भुवनेश्वरीनं दुधनीच्या केबलला शिव्या घातल्या. दोनदा रस्ता उकरायला लावला, वर तिथल्या नर्सबाई पार्वतम्मांना फोनवरून फैलावर घेतलं. सोलापूरच्या प्रसूती रुग्णालयाचे सगळे सर्व्हर हिच्या ताब्यात. पण चूक आपल्या घरची असेल, हे बाईसाहेबांच्या गावीही नव्हतं.

दुधनीच्या दवाखान्यात गरोदर बाईच्या पोटाला यंत्र लावायचं आणि बाळाचे ठोके सत्तर किलोमीटरवर, सोलापुरात डॉक्टर गुरुशांत यांच्या पडद्यावर रेघ होऊन उमटायचे, अशी सोय. रेघ मात्र अधूनमधून तुटायची. त्या दुपारी काव्या नावाची पहिलटकरीण कळा देत होती आणि रेघेचे नुसते तुकडे येत होते.

"मधे तुमचं नेटवर्क जातंय, की बाळाचे ठोके मंदावतायत?" डॉक्टर शेजारी बसलेल्या भुवनेश्वरीवर कडाडले. "तिला गाडीत घालून आणायची तर दीड तासाची वाट आहे. वाटेत काही झालं तर?"

"सर, लवकर सांगा की," फोनवरून पार्वतम्मा म्हणाल्या. "पोरगी लई घाबरली हाय."

भुवनेश्वरीनं पहिल्यांदाच आपल्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचे आकडे काढले. माहितीची सांडलेली पॅकेटं, एकेचाळीस लाख! आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. अगं बाई! ठोके दुधनीहून सुखरूप इथवर येत होते आणि हिच्या उंबऱ्यात सांडत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

आलेलं पॅकेट सर्व्हर उचलेपर्यंत कार्डाला कुठंतरी ठेवावं लागतं. ती जागा किती, हे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे ड्रायव्हरला, सांगून ठेवायचं असतं. दुधनी धरून अकरा दवाखान्यांची पॅकेटं एकदम येऊन धडकत होती आणि जागा होती दोनशे छप्पनची. पाच दिवसांनी नळाला पाणी यावं आणि घरात दोनच घागरी असाव्यात, तशी गत. उरलेलं गटारात. सोलापूरची लेक असून हिला हे सुचू नये! कार्डाची ऐपत तर चार हजार शहाण्णवची होती.

"सर, जागा वाढवते. पण दोन-तीन सेकंद कार्ड बंद पडेल. सगळ्यांच्याच रेघा जातील."

"बाकीच्या नुसत्या तपासणीला आल्यात. करा."

तिनं एक ओळ टाइप केली. पडदा कोरा झाला. एक. दोन. तीन. सिद्धरामेश्वरा, सांभाळ रे बाबा!

रेघ आली. सलग, एकही फट नाही. भुवनेश्वरी बघतच राहिली. अजून जग न पाहिलेलं लेकरू, नाव ना गाव, आणि त्याचा एकेक ठोका हिच्यासमोर चालला होता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तेवढ्यात रेघ खाली घसरली. तुटली नाही, सरळ घसरली. तिनं सांडलेल्या पॅकेटांचा आकडा पाहिला. तो जागचा हलला नव्हता.

"सर, हे नेटवर्क नाही. हे खरं आहे."

"पार्वतम्मा, तिला डाव्या कुशीवर वळवा. आत्ता!"

"वळवली, सर."

रेघ क्षणभर तळाशी रेंगाळली, मग चढू लागली. नव्वद. एकशे दहा. एकशे चाळीस. इथून शब्द गेला, तिथं बाई कुशीवर वळली, आणि पोटातल्या जिवानं इथवर उत्तर धाडलं. केवढं हे नवल! भुवनेश्वरीचे हात आपसूक जोडले गेले.

"गाडी नको," डॉक्टर म्हणाले. "तिथंच होईल. मी बघत बसतो."

पाऊण तासानं फोनमधून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती.

"पार्वतम्मा, तुमच्या केबलला मी उगाच..." भुवनेश्वरी फोनजवळ वाकून म्हणाली.

"केबलचं ऱ्हाऊ द्या की, मॅडम. पोरीचं रडणं येतंय न्हवं तिकडं?"

"येतंय," भुवनेश्वरी म्हणाली. "सगळं येतंय."