मिठापुरती भर

५२ टक्के

पेठ नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं पक्कडीनं खिळा उपसला आणि बाळगोंडांच्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा. डोकं झिजून चपटं झालेलं.

"लय दिवसांचा हाय," तो म्हणाला. "हवा जात न्हवती, नुसती झिरपत हुती. तुमाला कळलं कसं?"

बाळगोंडांनी गाडीकडं पाहिलं. पुढच्या सीटवर त्यांची बायको विजयमाला बसली होती. काच वर, मांडीवर पंच्यात गुंडाळलेला चार्जिंगचा अडॅप्टर, त्यावर दोन्ही हात. समोर उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. तिथली धूळ काचेवर बसत होती आणि ती त्या धुळीकडं पाहत होती.

आष्टा सोडल्यावर गाडी डावीकडं ओढायला लागली, तेव्हा बाळगोंडा सवयीनं म्हणाले होते, "त्याला विचार, गाडी डावीकडं का जातीय."

विजयमालानं पंच्यावरचे हात जरा दाबले. मग म्हणाली, "पुढच्या डाव्या चाकात खिळा हाय म्हणतोय. नुसती हवा भरून भागायचं न्हाई."

गाडीचं बॉनेट कुठून उघडतं, हेही तिला माहीत नव्हतं. आणि ज्याला विचारायचं तो अतिशय, त्यांचा एकुलता मुलगा, जाऊन आठ महिने झाले होते.

बाळगोंडांनी खिळा सदऱ्याच्या खिशात टाकला.

४६ टक्के

बापलेकांचं बोलणं तीन वर्षांपूर्वी बंद पडलं, ते या गाडीवरूनच. सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी सोडून अतिशयनं पुण्याच्या एका कंपनीनं काढून टाकलेली जुनी इलेक्ट्रिक गाडी आणली. महाबळेश्वरची भाडी मारायची म्हणून. आणल्यावर कळलं, की तिचं चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं आहे. हायवेवरच्या नव्या फास्ट चार्जरच्या वायरीची गन त्यात बसतच नाही. बाळगोंडा पेढीवर हमालांसमोर म्हणाले होते, पोत्यात हात घातल्याशिवाय हळद घेत नाही आपण, आणि ह्यानं तोंड न बघता गाडी आणली. हमाल हसले. अतिशय हसला नाही. त्या दिवसापासून तो बापाशी बोलला नाही, आणि बापही त्याच्याशी.

महिन्याभरात त्यानं कुठून तरी अडॅप्टर मागवला. दोन किलोचा काळा ठोकळा. एका बाजूला नवी गन लावायची, दुसरी बाजू गाडीच्या जुन्या तोंडात बसवायची. आत छोटा पंखा, छोटी बॅटरी. ती बॅटरी रोज मोबाइलसारखी चार्ज करावी लागे.

घरात मात्र बोलणं चालू राहिलं, कारण मध्ये विजयमाला होती. त्याला सांग, पाण्याची मोटार बंद कर. अण्णांना सांग, केली. एकाच पंगतीला दोघं समोरासमोर बसत आणि दोघांची वाक्यं तिच्याकडून फिरून जात. जाताना ती थोडी बदलत असावीत. बाळगोंडांनी एकदा विचारलंही होतं, तू सांगतीस त्यात तुझी भर किती?

"मिठापुरती," ती म्हणाली होती.

काविळीनं अतिशयला अकरा दिवसांत संपवलं. बाळगोंडा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहिले. दहाव्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, त्याला सांग, बरा होऊन घरी ये. विजयमाला आत गेली, बाहेर आली. येतो म्हणालाय, असं तिनं सांगितलं. नंतर नर्सच्या बोलण्यातून बाळगोंडांना समजलं, की आदल्या दोन दिवसांपासून त्याच्या तोंडात नळी होती.

त्याबद्दल त्यांनी विजयमालाला कधी विचारलं नाही.

मग एके दिवशी जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्याला सांग, दार लावून घे." निघून गेल्यावर हातातला घास तसाच राहिला. विजयमाला उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन पाटावर बसली.

"लावलंय म्हणतोय."

तेव्हापासून हे असंच

२१ टक्के

चालत आलं होतं. आज ते थांबणार होतं. गाडी विकली होती. साताऱ्यात दहिवडीकडचा मल्हार नावाचा ड्रायव्हर चार वाजता ताब्यात घेणार होता, आणि तिच्याबरोबर अडॅप्टरही, कारण अडॅप्टरशिवाय ती गाडी गावातल्या गावातच. विजयमालाच्या मनात वेगळं होतं. ती कधी काही बोलली नव्हती, पण गाडी आठ महिने दारात उभी असताना तिनं रोज अडॅप्टरची बॅटरी चार्ज केली होती. उशाशी ठेवून. बाळगोंडांना पहाटे जाग आली की तो हिरवा दिवा दिसे.

अडॅप्टर जायच्या आधी बाळगोंडांना अतिशयला एक गोष्ट विचारायची होती. एकच. आणि ती कऱ्हाडच्या चार्जरवरच विचारावी लागणार होती.

हॉटेलच्या आवारात चार्जर उभा होता. दुपारचे दीड वाजलेले. हॉटेलचं शटर अर्ध्यावर, आवारात माणूस नाही, गाडी नाही. बाळगोंडांनी दार उघडून हात पुढं केला. विजयमालानं पंचा सोडवला आणि अडॅप्टर दिला.

तो गरम होता. मांडीवरच्या उबेनं होईल तेवढा नव्हे. तापात अंग असतं तसा.

त्यांनी आधी अडॅप्टर गाडीला बसवला, मग गन अडॅप्टरला. आत टक् झालं. पंखा फिरायला लागला. बारीक, थांबून थांबून, कुणी नाकानं श्वास घ्यावा तसा. चार्जरच्या पडद्यावर अक्षरं आली.

नमस्कार, अतिशय.
चार्जिंग सुरू होत आहे.

यात नवल नव्हतं. कंपनीच्या फोनवरच्या माणसानं बाळगोंडांना समजावलं होतं. चार्जर गाडीला ओळखत नाही. गाडी जुनी, तिला आपलं नाव सांगता येत नाही. चार्जरशी बोलतो तो अडॅप्टर, आणि अतिशयनं पहिल्याच दिवशी आपलं नाव त्याच्याशी जोडून ठेवलं होतं. ज्याच्या हातात अडॅप्टर, तो चार्जरच्या लेखी अतिशय. सगळं समजलं होतं. तरी पडद्यासमोर उभं राहिल्यावर बाळगोंडांनी टोपी नीट केली.

२९ टक्के

गेल्या चैत्रात ते यार्डातल्या व्यापाऱ्यांबरोबर जीपमधून पुण्याला चालले होते. मागच्या सीटवर, काचेशी. या हॉटेलपाशी जीप हळू झाली. आवारात हीच गाडी उभी होती. अडॅप्टरची आतली बॅटरी मेली असावी. अतिशयनं ती पानटपरीच्या वायरीला लावली होती आणि स्वतः गाडीच्या वीतभर सावलीत उकिडवा बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. भाड्याची माणसं दुसऱ्या गाडीनं निघून गेली असणार.

जीपच्या ड्रायव्हरनं आरशातून विचारलं होतं, "अण्णा, तुमचंच पोरगं न्हवं ते?"

आणि बाळगोंडा म्हणाले होते, "न्हाई."

जीप पुढं गेली. पुण्यापर्यंत हळदीच्या दराची बोलणी झाली. चार महिन्यांनी अतिशय गेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, विजयमालाला तर नाहीच.

३६ टक्के

ते गाडीच्या दारापाशी आले. विजयमाला पाय बाहेर टाकून बसली होती. रिकामा पंचा तिच्या मांडीवर होता.

"त्याला विचार," बाळगोंडा म्हणाले. "गेल्या चैत्रात. हितंच."

पुढचं त्यांना जुळवता येईना. गाडीपलीकडं पंखा थांबला. पुन्हा सुरू झाला.

"बगितलं हुतं म्हणतोय," विजयमाला म्हणाली. ती त्यांच्याकडं पाहत नव्हती. "जीपच्या मागच्या काचंतनं तुमची टोपी दिसली. हात केला न्हाई. केला असता तर तुमास्नी उतरावं लागलं असतं, म्हणतोय."

बाळगोंडांनी दाराची कड धरली. पत्रा पोळत होता. त्यांनी हात काढला नाही.

"तुला त्यानं तवाच सांगितलं हुतं?"

विजयमालानं पंच्याची घडी उलगडली आणि परत घातली.

"ह्यात तुझी भर किती?"

"ह्यात न्हाई," ती म्हणाली.

जीपच्या आत ते एक शब्द बोलले होते. तो शब्द काचेबाहेर ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

४७ टक्के

विजयमालानं पाय सावलीत ओढून घेतले.

५८ टक्के

बाळगोंडांनी गन काढली आणि अडॅप्टर विजयमालाच्या पंच्यात ठेवला.

२२ टक्के

साताऱ्याच्या अलीकडं हायवेलगतच्या चार्जरपाशी मल्हार आधीच येऊन थांबला होता. पस्तिशीचा, काटक, पायात कोल्हापुरी. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चारही चाकं पायानं दाबून पाहिली आणि गाडी लय जपून वापरलीय म्हणाला. कागद बॉनेटवर ठेवून त्यानं सह्या केल्या. एक गोष्ट मात्र त्याला डोळ्यांदेखत बघायची होती. चार्जिंग.

"काका, ह्यो ठोकळा करतो काय नेमकं?"

अतिशयनं जे सांगितलं होतं ते बाळगोंडांना विजयमालाकडूनच कळलं होतं. तेच त्यांनी सांगितलं. गाडी एक भाषा बोलते, चार्जर दुसरी. हा मध्ये बसून ह्याचं त्याला सांगतो.

"म्हंजे दुभाषी," मल्हार हसला. "आमचा आजा मेंढरं घिऊन विजापूरकडं जायचा. शेतात मेंढरं घुसली की तितला पाटील कानडीत शिव्या घालायचा. संगं एक दुभाषी असायचा. त्यो आज्याला सांगायचा, पाटील म्हणत्यात बसा, चा घ्या. आजा जाऊन बसायचा. मग पाटलाला चा द्यावाच लागायचा." तो विजयमालाकडं वळला. "त्या एका माणसापायी कवा काठी उचलावी लागली न्हाई बगा, काकू."

विजयमाला हसली नाही. पण तिनं मान हलवली, ओळखीचं नाव निघाल्यासारखी.

मग तिनं पंचा सोडवला. या वेळी तिनं अडॅप्टर लगेच दिला नाही. बाळगोंडांनी हात पुढं करून ठेवला. हायवेवरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागं दुसरा. दुसरा दिसेनासा झाल्यावर तिनं अडॅप्टर त्यांच्या हातांत ठेवला. कऱ्हाडपेक्षाही गरम होता. बाळगोंडांनी तो मल्हारला न देता स्वतःच बसवला.

टक्. पंखा.

नमस्कार, अतिशय.
२२.
२३.

मल्हार पडद्याजवळ वाकला. उन्हामुळं त्यानं डोळ्यांवर हात धरला होता.

"अतिशय कोण?" त्यानं विचारलं. मग मान वळवून बाळगोंडांकडं पाहिलं. "तुमचंच पोरगं न्हवं?"

पंखा थांबला.

बाळगोंडांना मागं विजयमालाचा श्वास ऐकू येत होता. एरवी ते म्हणाले असते, त्याला सांग. आता सांगायला मध्ये कुणी नव्हतं. समोर नुसता तो ठोकळा होता, गाडी आणि गन यांच्यामध्ये अडकलेला, आणि त्याचा पंखा अजून सुरू झाला नव्हता.

"व्हय," बाळगोंडा म्हणाले. "माझंच."

आत टक् झालं. गनचं कुलूप सुटलं.

चार्जिंग थांबले.
कारण: वापरकर्त्याने थांबवले.
धन्यवाद, अतिशय.

मल्हारनं दोन्ही हात वर केले. "म्या काय दाबलं न्हाई, काका."

बाळगोंडांनीही दाबलं नव्हतं. फोनवरून थांबवता येत होतं, पण तो फोन अतिशयचा, आणि तो सांगलीला कपाटात बंद पडून होता. मल्हारनं गन उपसली, अडॅप्टर काढून बाळगोंडांच्या हातांत दिला आणि गनचं टोक फुंकून साफ करू लागला.

अडॅप्टर गार होता.

बाहेर ऊन होतं. गाडीचा पत्रा तापलेला होता, गनची वायर तापलेली होती. अडॅप्टर पाण्यातून काढलेल्या दगडासारखा गार होता. बाळगोंडा तो धरून विजयमालापाशी गेले.

"त्याला विचार," ते म्हणाले, "काय झालं."

विजयमालानं अडॅप्टरवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला.

"आवं, मला काय विचारताय," ती हळू म्हणाली. "तुमचं तुमी बोललासा की."

मल्हारनं हाक मारली. पुन्हा लावून बघू म्हणाला, एखाद्या वेळी असं होतं. बाळगोंडांनी या वेळी अडॅप्टर त्याच्या हातात दिला. मल्हारनं बसवला, गन लावली. पंखा फिरू लागला, एकसारखा, न थांबता, कुठल्याही यंत्राचा फिरतो तसा. पडद्यावर अक्षरं यायला वेळ लागला.

नवीन वाहन.
कृपया नाव नोंदवा.

"ह्येनं तर समदं पुसून टाकलं," मल्हार म्हणाला. त्याचं बोट पडद्यासमोर थांबलं होतं. "आता माझं टाकू न्हवं, काकू?"

विजयमालानं मान हलवली. बाळगोंडांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला होता. खिळा तिथं होता, खरा, टोकदार.

विजयमालानं पंचा झटकला, चौघडी केली आणि पिशवीत ठेवायच्या आधी बाळगोंडांच्या हातात दिला.

पंचा अजून गरम होता.