शास्त्यांचा एकोणिसावा अध्याय

चारकोपच्या सेक्टरांत नव्याने राहायला आलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळीनं सत्त्याऐंशी साली एक नियम केला. दर शुक्रवारी एकाच्या घरी प्रार्थना, पवित्र शास्त्रातला एकेक अध्याय क्रमानं, आणि वाचायचं घरच्या बाईनं. काही गाळायचं नाही. नियम करताना पुढे काय येतंय ते कुणी उघडून पाहिलं नव्हतं, आणि सुहासिनीच्या घराला नेमका बायबलातल्या ‘शास्ते’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आला.

तिची लेक रतन नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. तिला न्यायला आलेले जावई, जयवंतराव, तीन दिवस ठाण मांडून होते. सुहासिनीचे यजमान विद्याधर रोज मटण आणत आणि जावयाला आग्रह करकरून वाढायला लावत. उद्या सकाळी रतननं निघायचं, हे त्या दोघांनी जेवता जेवताच ठरवून टाकलं. रतनला कुणी विचारलंसुद्धा नाही. सुहासिनीचं डोकं सणकलं होतं.

प्रार्थनेला आलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पान पाहून घसा खाकरला. "हा अध्याय फार हिंसेचा आहे. आज एखादं स्तोत्र घेऊ या."

"नियम तुमचाच ना, साहेब?" म्हणत तिनं वाचायला सुरुवात केलीसुद्धा.

बिनसलं म्हणून माहेरी गेलेली बाई. तिला न्यायला आलेला नवरा. बापानं त्याला पाच दिवस खाऊपिऊ घातलं आणि लेक हवाली केली. वाटेत मुक्कामाच्या घरी गावगुंडांनी दार ठोठावलं, तेव्हा नवऱ्यानं स्वतःचा जीव वाचवायला तिलाच बाहेर ढकललं. सकाळी ती उंबऱ्यावर मरून पडली होती.

"त्या काळी देशाला राजा नव्हता," पाळकसाहेब घाईनं म्हणाले. "त्या अनागोंदीचं हे चित्र आहे."

"राजा नव्हता, पण बाप होता ना?" सुहासिनी म्हणाली. "अख्ख्या अध्यायात बाप बोलतो, नवरा बोलतो. तिच्या तोंडी एक शब्द नाही. मला विचाराल तर देवानं हे बापांनी वाचावं म्हणून ठेवलंय."

मग ती लेकीकडे वळली.

"रतन, तू बोल गं. जायचंय तुला?"

"नाही." आवाज नीट फुटला नाही, म्हणून रतन पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "नाही जायचं."

जयवंतराव उसळले. "बाबा, तुम्ही शब्द दिलाय मला!"

"शब्द त्यांनी दिलाय ना?" सुहासिनी म्हणाली. "मग त्यांनाच घेऊन जा."