दार उघडंच होतं

ती घंटी आधी टेबलावरून उचला, साहेब. माणसाच्या जन्माचा निवाडा करायला बसता, मध्येच शिपायाला बोलवायला तळहाताने ती दाबता — टिंग! — आणि वर मलाच विचारता, दार उघडंच होतं, मग गेला का नाहीत?

यातलं एक अक्षरही ती बोलली नाही. घंटीच्या टोकाचा झिजलेला मुलामा बघत बसली. तोंड कोरडं पडलं होतं. कॉलेजात दरवर्षी शिकवते ती — घंटेच्या नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पोरं हसतात. माझं मात्र सुकतं, हे कुणाला सांगायचं... घरी खाली नवऱ्याची स्कूटर स्टँडवर चढली, खट्ट, की जीभ टाळ्याला.

"आणि मॅडम, तुम्ही तर मानसशास्त्र शिकवता," समुपदेशक साहेब म्हणाले. "पोहायला शिकवणारीच बुडाली म्हणायची!"

शेजारच्या खुर्चीतला नवरा हसला. छान हसतो. "हिचं डोकं फार चालतं हो, तेच तर दुखणं आहे," म्हणाला, आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला — त्याच हाताने, हळुवार. तिला बरं वाटलं. बरं वाटलं! तिथेच तर मेख आहे. प्रयोगाच्या पिंजऱ्यात बटण टोचल्याबरोबर दरवेळी दाणा मिळालेलं कबुतर दाणा बंद झाला की लवकर नाद सोडतं; कधीमधीच मिळालेलं टोचतच राहतं. मारून झाल्यावर एखाद्या संध्याकाळी तो तिचे पाय चेपून द्यायचा. त्या एखाद्या संध्याकाळच्या आशेवर वर्षं गेली.

"समेटाचा कागद आहे," साहेब म्हणाले. " सही करा, पोरीला घेऊन आजच घरी जा. कशाला संसार मोडता?"

सही केली की मुलगी पुन्हा त्या घरात. आणि पेन कागदाला टेकलंसुद्धा. वर्गातलं बोटांना काय ठाऊक? आधी बांधून विजेचे झटके दिलेली कुत्री — नंतर मोकळी सोडली, समोर बुटकं कुंपण, एक उडी मारली की सुटका — तरी झटके सोसत तिथेच कण्हत पडून राहतात. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. त्यावर मी मार्क देते.

साहेबांनी पुन्हा घंटी दाबली. चहा सांगायचा होता.

अर्धवट उघड्या दारातून बाहेरचं बाक दिसत होतं. मुलगी चित्र काढत होती. टिंग झालं आणि तिने मान वर न करता खडू डबीत भरले, चित्र घडी करून फ्रॉकखाली सरकवलं, चपला जोडून भिंतीशी लावल्या, हात मांडीवर ठेवले. घरी बेल वाजली की असंच करते ती... ती कुठे, आईच करते. मीच. पसारा उचलायचा, रेडिओ बंद, हात मांडीवर. पोरीला त्याने कधी बोटही लावलेलं नाही. नुसतं बघून शिकली.

पेन कागदावरून उचललं गेलं. खाली मात्र ठेवलं गेलं नाही. उठायचं, चार पावलं टाकायची, पोरीचा हात धरायचा — पाय ऐकेनात. पण भीतीच्या जागी आता दुसरंच काहीतरी बसलं होतं, थंड, दात आवळलेलं.

"काय हो? बोला की," साहेब म्हणाले.

त्या कुत्र्यांना शेवटी गळ्यात दोरी घालून ओढत पलीकडे न्यावं लागलं, साहेब. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तेव्हा कुठे त्यांना कळलं, पलीकडेही जमीन आहे. पुस्तकात पुढच्याच पानावर आहे, कुणी उलटत नाही. आमचे शेजारी भिंतीला कान लावून होते. भाऊ म्हणायचा, ताई, सांभाळून घे. दार उघडं होतं, कबूल — ओढायला कोण आलं? आणि माझं राहू द्या. ती बाहेर बसलीय ना, हात मांडीवर ठेवून... तिला कोण ओढणार? बोला की, साहेब!