टिटवीची लेन

मित्रांनो, कपाटाच्या काचेला नाक लावून बघू नका. वाफ धरते, आणि मग मला तुमचे चेहरे दिसत नाहीत. मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. तळाला हे लांब पोलादी पातं दिसतं ना, त्याच्यावर मी आयुष्यभर बर्फावरून धावलो. शेजारी झोपलाय तो उजवा. तो मला थापाड्या म्हणतो. कारण काय, तर मी एकदा सांगितलं, की आम्ही इतक्या वेगाने धावलो की आमची सावली दुसऱ्या दिवशी घरी पोचली. यात खोटं काय आहे? फार उशीर नव्हता झाला, सकाळचे आठ वाजले असतील.

पण आज सांगतो त्यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. फार तर दोन.

माझा जन्म याच बर्फाच्या मैदानात झाला, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या एका लांबट खोलीत. तिथे आमच्या ताईचे, म्हणजे आम्हाला घालून धावणारीचे, बाबा बूट शिवायचे आणि पात्यांना धार लावायचे. खोलीत तेलाचा आणि ओल्या चामड्याचा वास. पायऱ्यांवर लोक उठले की डोक्यावर ढग गडगडल्यासारखं व्हायचं. बाबांनी ताईच्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर चामडं ओढलं आणि मला घडवलं. माझं पातं पुढच्या बाजूला बिजागरीवर बसवलेलं आहे. पाय रेटला की टाच उचलली जाते आणि स्प्रिंगने परत मिटते. मिटताना आवाज होतो, टक. प्रत्येक धावणाऱ्याचा टक वेगळा. बाबा खोलीत बसून, वर न बघता सांगायचे, कोण धावतंय ते.

आमची शर्यत कायम डावीकडे वळते. त्यामुळे वळणावर सगळा भार माझ्यावर. उजवा नुसता माझ्यावरून पाय टाकून पुढे जातो आणि शेवटी म्हणतो, "जिंकलो आपण." असो.

ताईची एक मैत्रीण होती. पाय काडीसारखे, चाल तुरुतुरु, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणायचे. दोघी सात वर्षांच्या असल्यापासून बरोबर शिकल्या, एकाच डब्यातलं खाल्लं, एकाच बाकावर बसून नाड्या बांधल्या. टिटवीच्या डाव्या बुटाची स्प्रिंग सैल होती. तिचा आवाज दुहेरी यायचा. टक-टक.

"आण इकडे, बदलून देतो," बाबा म्हणायचे.

"असू दे हो काका. मी आलेय हे कळतं सगळ्यांना."

"अगं, आवाजानेच घाबरवून जिंकणार आहेस का?"

"तुमच्या लेकीला घाबरवायला आवाज कशाला? माझं तोंड पुरे."

आता एक नियम नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. शर्यतीत दोघींची जोडी एका वेळी धावते, एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या, आणि सगळ्या जोड्यांत जिची वेळ सर्वांत कमी ती जिंकते. आतली लेन आखूड असते. म्हणून पलीकडच्या सरळ पट्ट्यात दोघींनी लेन बदलायची असते. आतून सुरुवात करणारीच्या दंडावर पांढरी पट्टी, बाहेरून करणारीच्या दंडावर लाल. पंधराशे मीटरमध्ये अशी अदलाबदल तीनदा होते. दोघी एकदम पोचल्या, तर आतून बाहेर जाणारीने वाट द्यायची. तिसऱ्या वेळी ही पाळी पांढऱ्या पट्टीवर येते. मग भले शर्यत जावो.

दोघी एकोणीस वर्षांच्या असताना मोठ्या स्पर्धेसाठी निवड होती. जागा एकच. तेव्हा मैदानावर छप्पर नव्हतं आणि बर्फ भुरभुरत होता. ताईला पांढरी पट्टी, टिटवीला लाल. तिसऱ्या अदलाबदलीला दोघी बरोबरीने पोचल्या.

ताईने वाट दिली नाही.

मित्रांनो, मी ताईचा पाय आतून ओळखतो. तिला टिटवी दिसली होती. तिची बोटं माझ्यात आवळली गेली, आणि तिने रेटा दिला. माझं टोक टिटवीच्या पात्याला लागलं. ती फिरली, गादीच्या कुंपणावर आदळली, आणि मागे न बघता आम्ही शर्यत पुरी केली.

पंचांना भुरभुरत्या बर्फात काही दिसलं नव्हतं. ते स्ट्रेचरपाशी वाकले. "हिने वाट अडवली का?"

टिटवी पांढरीफटक पडली होती. तिने ताईकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही. माझाच पाय घसरला."

तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. ती पुन्हा बर्फावर आली नाही. ताई चार वेळा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत फिरली. पुढच्या हिवाळ्यात टिटवी तापाने गेली. तेव्हा ताई दूरच्या शहरात पहिलं सुवर्णपदक गळ्यात घालून फोटो काढून घेत होती.

परतल्यावर बाबांनी मला शिकंज्यात उलटा लावला, पात्यावर तेल सोडलं आणि दगड फिरवला. माझ्या टोकापाशी एक खाच होती, तांदळाच्या कणीएवढी. "ही अजून आहे? मागेच घासली होती ना मी?"

"दगड लागला असेल," ताई म्हणाली.

"बर्फात दगड?"

बाबांनी खाच घासून काढली, धार नखावर तपासली. दुसऱ्या दिवशी ताईने मला घातलं, एक फेरी मारली आणि उतरवलं. खाच जागच्या जागी. बाबा दर आठवड्याला घासायचे, ती दर आठवड्याला परत यायची. पातं झिजून निम्मं झालं, पण खाच काही उथळ होईना. उजवा म्हणतो, ती आधीचीच असणार. विचारा त्याला, मग त्याच्यात का नाही?

ताई जिंकत राहिली. दुसरं सुवर्णपदक, मग तिसरं. हार, फोटो, भाषणं. मैदानावर छप्पर आलं, आणि छपराखाली आवाज घुमायला लागला. सकाळी पहिल्या सरावाला बर्फ कोरा असायचा, वर एक रेघ नाही. ताई एकटी धावायची. पलीकडच्या सरळ पट्ट्यात पोचलं, की माझ्या उजव्या अंगाला एकदम गारठा यायचा. बर्फाला गारठा नवा नाही, पण हा वेगळा. कोणी तरी जवळून श्वास सोडावा तसा. आणि बाहेरच्या लेनमधून ऐकू यायचं, टक-टक.

ताई वेग वाढवायची. आवाजही वाढवायचा. ताई थांबली, की एक टक जास्तीचा येऊन मग तोही थांबायचा.

अशी दहा वर्षं गेली. मग शेवटची स्पर्धा आली, इथेच, आमच्याच मैदानावर. चौथं सुवर्णपदक तोवर कोणालाच मिळालेलं नव्हतं. ताईचे गुडघे संपले होते आणि हे तिला, मला आणि बाबांना माहीत होतं. परत संधी नव्हती. शेवटच्या जोडीतल्या दुसरीचा घोटा सकाळीच मुरगळला आणि तिने नाव काढून घेतलं. त्यामुळे ताईला एकटीनेच धावायचं होतं. चिठ्ठीत पांढरी पट्टी आली. लाल पट्टी डब्यातच राहिली.

तिचे मास्तर खूश. "नशीब काढलंस! समोर कोणी नाही. वाट द्यायची भानगड नाही. तिसऱ्या अदलाबदलीला डोळे मिटून घुस."

ताईने माझी नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "मास्तर, लेन रिकामीच आहे ना?"

"नाही, तुझी मावशी उभी आहे तिथे! जा आता."

बंदूक वाजली. मित्रांनो, तसं आम्ही कधीच धावलो नव्हतो. पहिली अदलाबदल, दुसरी. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मास्तर फळ्यावर वेळ दाखवत अक्षरशः नाचत होते. आम्ही विक्रमाच्या पुढे होतो. वळण घेऊन पलीकडच्या सरळ पट्ट्यात आलो. तिथे गारठा उभाच होता.

टक-टक. टक-टक. अगदी बरोबरीने.

ताईची बोटं माझ्यात आवळली, तशीच, दहा वर्षांपूर्वीसारखी. मला वाटलं, आता रेटा येणार. आणि मग तिने बोटं सोडली. कंबर सरळ केली, दोन पावलं नुसती घसरू दिली. एक झुळूक आमच्या पुढून आडवी आत गेली. ताईच्या भुवयांवर दव गोठलं. मग ती पुन्हा वाकली आणि जीव तोडून धावली.

पदक नऊ शतांश सेकंदांनी गेलं.

मास्तरांनी डोक्याला हात लावला. "अगं, वाट कोणाला दिलीस?"

"होती एक," ताई म्हणाली. धापा टाकत होती, पण तिचा चेहरा मी इतकी वर्षं इतका मोकळा पाहिला नव्हता.

बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र घेऊन चालक निघाला, तो पलीकडच्या पट्ट्यात थांबला. खाली उतरून वाकून बघत राहिला. बर्फावर तिथे दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. "बाई तर एकटीच धावली ना?" तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याने घाईघाईने त्यावरून यंत्र फिरवलं. वर कोणाला सांगून कोण हसं करून घेणार?

खोलीत ताईने मला शिकंज्यापाशी ठेवलं. "बाबा, दगड नव्हता तो."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तू सांगायची वाट बघत होतो."

त्याच संध्याकाळी ती मला खांद्याला अडकवून टिटवीच्या घरी गेली. या खेपेला गल्लीच्या तोंडाशी वळली नाही. टिटवीच्या आईने दार उघडलं. ताई उंबऱ्यातच सगळं बोलून गेली, एका दमात, रडत. म्हातारीने तिचा हात धरला.

"तिने सांगितलं होतं मला. म्हणाली, आई, ती येईल सांगायला, तिला रागावू नकोस. दहा वर्षं दार वाजलं की मी तुलाच शोधते गं. ये, आत ये."

निघताना तिने एक कापडी पट्टी ताईच्या हातात ठेवली. लाल. त्या दिवसाची.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दगड फिरवला आणि खाच गेली. परत आली नाही. टोक बघा, दिसते का कुठे?

आता मी या कपाटात असतो. माझ्याजवळ पांढरी पट्टी आहे आणि लाल पट्टीही, कारण ताई म्हणाली, ठेवायच्या तर दोन्ही. तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. धावून आलात की आमची पाती कोरडी पुसा आणि मगच कव्हर चढवा. ओल्या कव्हरात आम्ही एका दिवसात गंजतो आणि कोणाला दोष देणार, तोंड नाही आम्हाला. म्हणजे, माझं सोडून. आणि दुसरं, लेन बदलताना बाहेर बघा. रिकामी दिसली तरी बघा. गारठा जाणवला तर कंबर सरळ करून दोन पावलं थांबा. तिला फार वेळ लागत नाही.

उजवा म्हणतो, पोरांना घाबरवू नकोस. मी कुठे घाबरवतोय? मी एवढंच विचारतो, आज मैदानावर शर्यत आहे का? नाही म्हणजे, हे कपाट बंद असतं, आत थेंबभर पाणी येत नाही, आणि तरी लाल पट्टी आत्ता ओली झाली आहे.