'हा' म्हणजे कुठला?

ऑनलाइन वर्ग मिळाला तर भूमितीच्या सरांचा फायदा उघड होता. सकाळच्या दोन बस वाचणार, बसमधले धक्के वाचणार, चहा घरचा आणि गरम. पँटला इस्त्रीसुद्धा नको, कारण पडद्यावर माणूस कमरेपर्यंतच असतो. तोट्याच्या बाजूला सरांना काहीच दिसत नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी अट मात्र घातली होती.

"सत्र संपेपर्यंत एकही मूल गळता कामा नये. गळलं, तर वर्ग विज्ञानाच्या मॅडमकडे."

"माझ्या तासाला मुलं उठून जात नाहीत, बाई," सर म्हणाले. ते खरंही होतं. झोपलेलं मूल सहसा उठत नाही.

वर्गात एक मुलगी होती, जन्मापासून दृष्टी नसलेली. "तिच्याकडे जरा लक्ष द्या," असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. सरांनी लक्ष दिलं, म्हणजे आवाज वाढवला. पहिल्याच तासाला शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

"बघा, ही रेषा इथून अशी नेली, की हा कोन ह्याच्याएवढा झाला. कळलं?"

"सर, मला ऐकू छान येतं," मुलगी म्हणाली. "दिसत नाही. 'हा' म्हणजे कुठला?"

वर्ग खिदळला.

"हा गं, हा," म्हणत सरांनी स्वतःच्याच घरातल्या पडद्यावर बोट आपटलं.

मग रोज तेच. ती विचारायची, वर्ग हसायचा, सर बोट आपटायचे. शेवटी बाईंचा फोन आला.

"ती भूमिती सोडतेय, सर. आज तिची समजूत पटली नाही, तर उद्या नाव काढावं लागेल."

"अवघड जात असेल हो विषय."

"विषय आवडतो म्हणते. तुमची सर्वनामं झेपत नाहीत."

सर तोंड पाडून स्वयंपाकघरात आले. बायको लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरीचं काय चुकलं? लग्न झाल्यापासून मीही तुमच्याच वर्गात आहे. 'अगं, ते त्याच्यावर ठेवलंय, ते दे जरा,' हेच ऐकतेय."

"तुला सापडतं की."

"सापडत नाही, अंदाज करते. तिनं परीक्षेत अंदाज करायचा का?" असं म्हणून तिनं खुर्ची भिंतीकडे वळवली, मांडीवर कागद घेतला आणि सरांकडे पाठ केली. "सांगा. मी काढते."

"एक त्रिकोण काढ. आता इथून अशी एक रेषा ने."

तिनं नेली. कागदावर हँगरला अडकलेला मोजा तयार झाला. सर चिडले, बायको हसली, पुन्हा कागद घेतला. वरच्या टोकाला प. पायाचं डावं टोक फ, उजवं ब. पमधून पायाला समांतर रेषा. आकृती जमली तेव्हा गॅसवरची भाजी करपली होती, पण सरांना वास आला नाही.

त्याच संध्याकाळी सरांनी मुलीला फोन केला. "उद्याचा एक तास बस. मग सोडायची तर सोड."

दुसऱ्या दिवशी सर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. मोकळे राहिले असते तर ते बोट दाखवणारच होते. रेषेमागून रेषा त्यांनी नुसती बोलून काढली. एकदाच घसरले, "आता हा..."

"कुठला, सर?" वर्गानं एका सुरात विचारलं.

"फचा कोन, महाराज."

"म्हणजे फचा कोन वर पच्या डावीकडे जाऊन बसला," मुलगी सावकाश म्हणाली, "बचा उजवीकडे, आणि मधे पचा स्वतःचा. तिघं मिळून सरळ रेषा झाली."

"झाली."

तेवढ्यात, कॅमेरा कायम बंद असलेल्या एका मुलाचा आवाज आला. "सर, मलाही आजच कळलं. आमच्याकडे नेट पुरत नाही. नुसता आवाज येतो."

"मी वडिलांच्या दुकानात बसतो, कानातच ऐकतो," दुसरा म्हणाला.

"आमच्या मोबाईलची काच फुटलीय," तिसरी म्हणाली. "त्रिकोण कुठला आणि तडा कुठला, तेच कळत नाही."

"अरे, मग बोलला का नाहीत?"

"ती विचारायची तेव्हा सगळे हसायचे ना, सर," पहिला आवाज म्हणाला.

"तूही?"

"सगळ्यात मोठ्यानं. नाहीतर सगळ्यांना कळलं असतं, की मलाही दिसत नाही."

मग मुलगीच म्हणाली, "भूमिती ठेवते मी, सर. पण आवाज जरा कमी करा."

वर्ग सरांकडेच राहिला. बस वाचली, पण वाचलेला वेळ आकृत्या शब्दांत बसवण्यातच जाऊ लागला. बसचे धक्के विज्ञानाच्या मॅडमच्या वाट्याला राहिले. भाजी गेली ती बायकोची. बाईंचा एक फोन खर्च झाला, बस्स. तडेवाल्या, दुकानवाल्या, नेट नसलेल्या सगळ्या मंडळींना भूमिती फुकटात पडली. 'कुठला?' एवढं विचारण्याची जी किंमत होती, ती त्या मुलीनं एकटीनं भरली होती, आणि तीही आगाऊ.